एका नेमणूकपत्रातली दोन माणसं

ख्रिस्ती मिशनवर ज्येष्ठ जोडप्यांच्या नेमणुका करणाऱ्या समितीतील बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र खुलं का लिहिते आहे ते आधी सांगते. याआधी दोन पत्रं बंद पाकिटातून पाठवली होती. दोन्हींना उत्तर आलं, वेळेवर आलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दोन्ही उत्तरं ह्यांच्या नावाने आली. पत्र माझं, सही माझी, विषयही माझा; आणि उत्तराची सुरुवात ‘प्रिय बंधू, आपले पत्र पोहोचले’. हे ते पत्र हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मी काय लिहिलं होतं गं?" तेव्हा ठरवलं की आता बोलायचं ते चारचौघांत. निदान कोण बोलतंय याचा तरी घोळ होणार नाही.

आम्हाला इथे येऊन चौदा महिने झाले. सेवाकाळ अठरा महिन्यांचा. ह्यांचं वय 70, माझं 67, लग्नाला 43 वर्षं झाली. हे माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. मी 31 वर्षं एका कचेरीच्या हिशेब विभागात काढली, त्यातली शेवटची बारा अंतर्गत तपासनीस म्हणून. हे सगळं अर्जात लिहिलं होतं. ‘अर्जदाराच्या पत्नीचा अनुभव’ याला तुमच्या अर्जात दीड ओळ दिलेली आहे, तिच्यात मावलं तेवढं लिहिलं.

मग नेमणूकपत्र आलं. पाकीट एक, पत्र एक. त्यात ह्यांच्याकडे कार्यालयाचा जमाखर्च, गाडी आणि तरुण मिशनऱ्यांच्या घरांची देखभाल. तिसऱ्या परिच्छेदात ‘आपल्या पत्नीसह’ असे शब्द आले आणि माझ्या वाट्याला ‘आदरातिथ्य व सहकार्य’ आलं. सहकार्य कशात, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. जे पडेल त्यात, असं मी समजले.

आता एक कबुली देते. ती देताना मला लाज वाटत नाही, पण ह्यांना वाटते आहे, म्हणून तुम्ही ती सौम्यपणे घ्यावी. गेल्या तेरा महिन्यांचा जमाखर्च मी लिहिलेला आहे. सह्या ह्यांच्या आहेत.

झालं असं, की पहिल्याच महिनाअखेरीला वही जुळेना. फरक 63 चा. मोठी रक्कम नव्हे, पण हे शिक्षक माणूस, उत्तर चुकलं की झोप नाही. दोन रात्री टेबलावर दिवा, पावत्यांचे ढीग, प्रत्येक बेरीज तीन-तीनदा. मी पलीकडे उशा-चादरींची यादी करत होते, कारण आदरातिथ्य. दुसऱ्या रात्री साडेअकराला न राहवून विचारलं, "फरक किती?" म्हणाले, "त्रेसष्ट." मी म्हटलं, "नवाने भाग जातो. कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार, बेरजा करू नका, आकडे बघा." हिशेबात बसलेल्या माणसाला हे पहिल्या वर्षीच कळतं. दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की येणाऱ्या फरकाला नऊने भाग जातोच. वही ओढून घेतली. त्रेसष्टला नवाने भागलं की सात येतात, म्हणजे उलटलेल्या दोन अंकांमध्ये सातचं अंतर हवं. सातव्या मिनिटाला सापडलं: टपालाचे 81, लिहिले होते 18. ह्यांनी चश्मा काढून टेबलावर ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग वही माझ्याकडे सरकवली. तिथपासून ती माझ्याकडेच आहे. उशा-चादरींची यादी ह्यांच्याकडे गेली. यादी छान ठेवतात. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी खोलीत जाऊन दिवा लागतो का, खिडकी बंद होते का, ते बघून येतात. हे मला कधी सुचलं नसतं.

म्हणजे काम बिघडलं का? नाही. उलट सुधारलं. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की हे आम्हाला चोरून करावं लागतं. मागे पाहणीला आलेल्या तुमच्या माणसाने वही उघडून ह्यांची पाठ थोपटली, "इतकी नीटस वही या विभागात पहिल्यांदा पाहतोय." हे माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याचा पेला पुढे केला. सहकार्य.

तरुण मिशनऱ्यांचंही तेच. या भागातल्या तीन घरांत मिळून आठ मुलं-मुली आहेत, सगळी एकोणीस ते चोवीस वयाची. आम्हाला काका-काकू म्हणतात. पंधरा दिवसांनी घरं बघायला जायचं असतं: नळ गळतो का, गॅसची नळी तडकली का, धूर ओळखणारं यंत्र वाजतं का, भिंतीला ओल आली का. तुमच्या कागदाप्रमाणे हे सगळं बघायचं ह्यांनी, आणि ‘मायेने विचारपूस’ करायची मी. प्रत्यक्षात पाना माझ्या हातात असतो. माझे वडील नळकाम करायचे. वायसर बदलायला मी दहाव्या वर्षी शिकले. विचारपूस ह्यांची. आणि ह्यांची विचारपूस म्हणजे काय, तर काहीच न विचारणं. मार्चमध्ये एक मुलगा गप्प झाला होता. सकाळी उठायचा, प्रार्थनेला बसायचा, जोडीच्या मिशनऱ्याबरोबर बाहेर पडायचा, पण तोंडातून शब्द नाही. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "ठीक आहे काकू". ह्यांनी त्याच्या खोलीतला बंद पडलेला टेबलफॅन उचलला, जमिनीवर फतकल मारली आणि म्हणाले, "बॅटरी धर रे जरा." पाऊण तास तो मुलगा बॅटरी धरून बसला. मी मोरीत नळाशी होते, मला फक्त आवाज ऐकू येत होता. आधी ह्यांचा एकट्याचा, मग दोघांचा, मग बराच वेळ त्या मुलाचा एकट्याचा. काय बोलला ते मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. पंखा काही चालू झाला नाही. मुलगा मात्र आता बोलतो.

चौतीस वर्षं मुलांत काढलेल्या माणसाला तुम्ही पावत्या लावायला बसवता आणि पावत्यांत आयुष्य गेलेल्या बाईला माया करायला सांगता. माया मी करते हो, पण मला ती पान्यासकट जमते.

गाडीचं तर विचारूच नका. कागदपत्रांवर चालक म्हणून ह्यांचं एकट्याचं नाव. साठीला पोहोचलेल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, हे आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यात ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. माझे दोन्ही झालेले, नवी भिंगं बसलेली, समोरच्या गाडीचा क्रमांक लांबून वाचते. रात्री दीड वाजता एका मुलीच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा रुग्णालयात कुणी न्यायचं? नियमाप्रमाणे ज्याला दिसत नाही त्याने. त्या रात्री आम्ही नियम पाळला नाही. हवं तर हेही लिहून ठेवा.

थोडं मागे जाते. नेमणुकीआधी तुम्ही आमची मुलाखत घेतली होती. चाळीस मिनिटं, दोघांना शेजारी बसवून. ह्यांना श्रद्धा, प्रकृती, पैसा, भाषा, मुलंबाळं, सगळं विचारलंत. मला एकच प्रश्न आला, शेवटी, फाइल मिटता मिटता: "बहिणी, तुमची काही हरकत नाही ना?"

मिशनची कल्पना माझी होती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या मागे होते. हरकत ह्यांची होती. गुडघे, पुस्तकं, रोजची फिरायची वाट, जुने विद्यार्थी, यांपैकी काहीच सोडायची ह्यांची तयारी नव्हती. दीड वर्ष लागलं. शेवटी माझ्यासाठी म्हणून आले. आल्यावर रमले, हा भाग वेगळा. पण समजा रमले नसते तर? त्या खोलीत ह्यांना एकट्याला बसवून कुणी विचारलं असतं तर कदाचित ‘अजून सहा महिने थांबू’ म्हणाले असते, आणि तेही चाललं असतं. माझ्यासमोर कसे म्हणतील?

नुसती ‘हरकत नाही ना’ विचारून घराबाहेर पडलेल्यांचा इतिहास तुमच्या ग्रंथालयात आहे, तो मी उगाच उगाळणार नाही. एकच सांगते, डोरोथी कॅरीचं. तिचा नवरा विल्यम कॅरी 1793 मध्ये मिशनरी म्हणून इंग्लंडहून बंगालला निघाला तेव्हा तिची यायची तयारी नव्हती. अंगावर पिणारं मूल होतं. शेवटी धाकटी बहीण सोबत येणार असेल तर येते, या अटीवर ती जहाजावर चढली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, आणि तिचं मन जे ढळलं ते 1807 मध्ये मरेपर्यंत सावरलं नाही. कॅरींनी केलेली बायबलची भाषांतरं आपण कौतुकाने मोजतो. ती बाई पलीकडच्या खोलीत होती, ही मोजणी कुठल्या रकान्यात घ्यायची?

जुन्या मिशन संस्थांचे रकानेही बोलके होते. 1810 मध्ये स्थापन झालेल्या, परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या याद्यांत नवरा ‘मिशनरी’ आणि बायको ‘सहायक मिशनरी’. ॲन जडसनचंच घ्या. 1812 मध्ये लग्न झालं आणि त्याच महिन्यात नवऱ्याबरोबर जहाजावर चढली. ब्रह्मदेशात राहून बर्मी तर शिकलीच, वर सयामी, म्हणजे आजची थाई, शिकली आणि 1819 मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचं सयामीत भाषांतर केलं. नवरा ब्रह्मदेशाच्या तेव्हाच्या राजधानीत, आव्याच्या तुरुंगात होता तेव्हा अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवून त्याला जिवंत ठेवणारीही तीच. या बाईला सहायक म्हणायचं तर मुख्य कोण, असा प्रश्न मला पडतो.

आणि शास्त्राचंच म्हणाल तर शास्त्रात दोन्ही आहे. अब्राम हारानातून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता, हे बायबलच्या उत्पत्तीत स्वच्छ लिहिलंय. त्याची बायको साराय किती वर्षांची होती? तिथे लिहिलेलं नाही. पाच अध्याय पुढे जायचं, तो शंभराचा होईल तेव्हा ती नव्वदीची असेल हे वाचायचं आणि वजाबाकी करायची: 65. घर तर दोघांनी सोडलं होतं. पण अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला बघा. राहुट्या शिवणारं जोडपं. रोममधून हद्दपार झालेलं, करिंथात प्रेषित पौलाला घरात आणि धंद्यात जागा देणारं, पुढे इफिसला जाऊन अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन नीट समजावून सांगणारं. नव्या करारात त्यांची नावं सहा ठिकाणी येतात, सहाही ठिकाणी जोडीने, पण प्रत्येकाचं स्वतंत्र नाव घेऊन. ‘अक्विल्ला व त्याची पत्नी’ म्हणून कधीच भागवलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी तर तिचं नाव आधी आहे. पौलाला नमस्कार पाठवताना जे जमलं ते आपल्याला पाकिटावर पत्ता लिहिताना का जमू नये?

(आमच्या शेजारचे एक संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक यावर म्हणाले की मनूनेही असंच केलंय. केस पिकले, नातवंड दिसलं की वनात जावं. पत्नीला मुलांच्या हवाली करून, नाही तर तिला बरोबर घेऊन. दोन पर्याय दिलेत, दोन्ही नवऱ्याला. म्हणजे या बाबतीत सगळ्यांची समिती सारखीच.)

आता सगळ्यात अवघड भाग. हा लिहिताना हे शेजारच्या खोलीत आहेत, आणि दार मी मुद्दाम लावून घेतलंय.

आम्हाला एकमेकांपासून सुट्टी हवी आहे.

हसू नका. 43 वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांच्या सहवासात रोज जागेपणी किती तास असायचो? हे सकाळी सातला शाळेत, मी नऊला कचेरीत, संध्याकाळी मुलं, अभ्यास, पाहुणे. चार तास धरा. त्या चार तासांवर आमचा संसार उत्तम चालला. इथे चोवीस तास. एकच खोली, एकच टेबल, एकच काम, एकच फोन (जोडप्याला एक, असा तुमचा नियम), आणि फोनवर कुणाशी बोलायचं तर दुसऱ्याच्या देखत. ह्यांचा शाळेतल्या निरीक्षकाचा किस्सा मी या चौदा महिन्यांत चाळीसदा तरी ऐकला असेल. कुठल्या शब्दावर थांबणार, कुठे भुवई वर जाणार, सगळं पाठ. माझंही ह्यांना काय काय पाठ असेल ते देव जाणे, परवा एका पाहुण्यासमोर माझं वाक्य ह्यांनीच पूर्ण केलं आणि वर म्हणाले, "असं ती म्हणणार होती." खिडकी उघडी ठेवायची की बंद, या विषयावर आम्ही एक अख्खा मंगळवार बोललो नाही. त्या दिवशी दोन घरांना भेट होती. दोन्हीकडे आम्ही जोडीने प्रेमावर बोललो.

तरुण मिशनऱ्यांना जोडीच्या मिशनऱ्याच्या नजरेआड जायचं नाही, हा नियम मला समजतो. वय तसं आहे, परका मुलूख आहे. पण त्यांची जोडी दर काही आठवड्यांनी बदलते! नाही पटलं तर महिना-दीड महिना ढकलायचा. आमच्या बदलीची सोय नाही, आणि तशी मागणीही नाही. पण सकाळी हे सव्वापाचला उठतात. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत मोरीकडे जातात. मी जागीच असते, डोळे मिटून. ह्यांना वाटतं झोपली आहे, म्हणून दिवा लावत नाहीत, पावलं हळू टाकतात. ती दहा मिनिटं माझी. अख्ख्या दिवसात तेवढीच. ती मी झोपेचं सोंग करून मिळवते, आणि मला दाट संशय आहे की ह्यांनाही ते ठाऊक आहे. कारण मोरीतून परत यायला ह्यांना इतका वेळ लागायचं काही कारण नाही.

आठवड्यातून अर्धा दिवस. बाकी काही नको. त्या अर्ध्या दिवसात हे पुस्तक घेऊन कुठेतरी बसतील, मी चालत कुठेतरी जाईन, आणि संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असेल. कपडे धुण्याचा, सामान आणण्याचा दिवस आहे तो यात मोजू नका. तो कपड्यांचा दिवस आहे.

फोनवरून आठवलं. आमच्या लेकीला सात महिन्यांपूर्वी मुलगी झाली. पहिलंच बाळंतपण, त्यात गुंतागुंत. तीन आठवडे एकटीला जाऊ द्या, खर्च माझा, इथलं काम हे सांभाळतील, असं मी विचारलं होतं. मघाशी म्हटलं त्या बंद पाकिटांतलं ते पहिलं. उत्तर आलं की रजा जोडप्याला मिळते, एकाला नाही. दोघे गेल्यास नेमणूक रिकामी धरली जाईल. तेव्हा तो न बोलणारा मुलगा नुकता बोलू लागला होता. ह्यांनी हलणं बरोबर नव्हतं, हे मलाही दिसत होतं. हे म्हणाले, "जाऊ आपण, राहू दे नेमणूक." मी नाही म्हटलं. नात जन्मली ती इथल्या पहाटे तीन वाजता, फोनच्या पडद्यावर पाहिली. आता ती फोन दिसला की झडप घालते, पडदा ओला करून टाकते. लेक म्हणते, आई, तिला वाटतं तू त्या डबीत राहतेस.

यावर मी आणखी लिहिणार नाही.

पण एका बाईबद्दल लिहायला हवं, नाव न घेता. तुम्हाला ती आठवेल. शेजारच्या विभागात आमच्यासारखंच एक जोडपं होतं. ती वस्तीतल्या बायकांना लिहा-वाचायला शिकवायची. अकरा बायका नियमित यायच्या, त्यातल्या दोघी पत्र लिहिण्यापर्यंत आलेल्या. नवरा हृदयविकाराने गेला. अंत्यविधी झाला, मुलं आली, परत गेली. तिला राहायचं होतं. वर्ग चालू होता, सेवाकाळाचे आठ महिने बाकी होते, आणि घरी जाऊन रिकाम्या खोल्यांकडे बघत बसण्यापेक्षा इथे बरं, असं ती मला स्वतः म्हणाली. कळवण्यात आलं की नेमणूक जोडप्याची होती, ती ‘आपोआप’ संपली. सामान आवरायला मी गेले होते. ह्यांच्याच मापाचे दोन सदरे कुणाला द्यायचे यावर आम्ही बराच वेळ बोललो, कारण दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतं. ती गेल्यावर वर्गातल्या दोघी माझ्याकडे पत्र घेऊन आल्या, पत्ता विचारायला. शाई पुसटलेली, शब्द वरखाली, पण पत्रच. तिच्या नावाने लिहिलेलं. तिच्या एकटीच्या.

दुसरीकडे हे कसं करतात ते मी थोडं चौकशी करून पाहिलं. ज्यांना लोक मॉर्मन म्हणून ओळखतात त्या चर्चमध्ये निवृत्त जोडप्यांची फार मोठी व्यवस्था आहे. तिथे जोडप्याला 6, 12, 18 किंवा 23 महिने असा काळ निवडता येतो, आणि तरुण मिशनऱ्यांसारखी दारोदार फिरण्याची नि कडक दिनक्रमाची अपेक्षा ज्येष्ठांकडून नसते. खर्च बहुतेक स्वतःचाच, आपल्यासारखा. त्याच चर्चने 1898 मध्ये आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोन अविवाहित तरुणींना पहिल्यांदा मिशनरी म्हणून इंग्लंडला पाठवलं, कुणाच्या पत्नी म्हणून नव्हे, त्यांच्या त्यांच्या नावाने. सगळंच तिथलं उचलावं असं मी म्हणत नाही, त्यांचेही त्यांच्या घरातले प्रश्न असतील. पण स्त्रीच्या नावाने नेमणूकपत्र काढता येतं, आणि म्हाताऱ्यांसाठी वेगळा नियम करता येतो, एवढं तरी त्यावरून दिसतं.

तेव्हा मागणं काय, तर नेमणूकपत्रं दोन काढा, हवं तर एकाच पाकिटात घाला. मुलाखत आधी वेगवेगळी घ्या, मग एकत्र. काम कुणाला काय येतं ते बघून द्या, कोण कुणाचा नवरा ते बघून नको. फोन दोन. गाडीच्या कागदावर ज्याला दिसतं त्याचं नाव. आरोग्याच्या अर्जात माझ्या औषधांना ह्यांच्याइतकी जागा (मला सहा गोळ्या आहेत, ह्यांना दोन, रकाना उलटा आहे). अडीनडीला एकट्याला घरी जाता यावं. आणि दोघांतलं एक गेलं तर उरलेल्याला विचारा. थांबायचं की जायचं, ते त्याला किंवा तिला ठरवू द्या.

खर्च वाढेल म्हणाल, तर दोन पत्रांचा टपालखर्च मी आकडे मांडून दाखवायला तयार आहे. त्यात अदलाबदल होणार नाही.

आमचे चार महिने राहिलेत. पुढे मुदत वाढवून मागावी असं ह्यांच्या मनात आहे. माझं अजून ठरलेलं नाही, नात रांगायला लागली आहे. कदाचित हे थांबतील आणि मी महिनाभर जाऊन येईन. कदाचित दोघं जाऊ. तुमचा अर्ज यातलं एकही उत्तर घेऊ शकत नाही, म्हणून इथे लिहिलं.

या महिन्याची वही माझ्या सहीने येईल. नियमात बसत नसेल तर परत पाठवा, मी पुन्हा माझ्याच सहीने पाठवीन.

पत्र पुरं झाल्यावर ह्यांना वाचायला दिलं. खिडकीशी नेऊन, डावा डोळा जवळ धरून, सावकाश वाचलं. दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक, निरीक्षकाचा किस्सा चाळीसदा नाही, फार तर पंचवीसदा सांगितला असेल. दोन, सव्वापाच नव्हे, पाच दहा. पाच मिनिटं ह्यांची आहेत, म्हणाले. मोरीबाहेर नुसते उभे असतात.

दुसरी दुरुस्ती मी मान्य केली आहे.

कळावे,
हिशेब लिहिणारी

(ह्यांना सही करायची होती. मी म्हटलं, तुम्ही तुमचं वेगळं पत्र लिहा. लिहायला बसलेत.)